सुरिनच्या हत्तीवरच्या दीक्षेला जाताना

पौर्णिमेला नाही, चतुर्दशीला तिथे असा. बाकीचं सांगतेच, पण हे आधी लिहून ठेवा. थायलंडच्या सुरिन प्रांतात बान ता क्लांग या गावी, हत्ती पाळणाऱ्या कुई लोकांचा, मुलांना भिक्खू करण्याचा हा सोहळा तीन दिवस चालतो. त्रयोदशीला मुंडण, चतुर्दशीला हत्तींवरून मिरवणूक, पौर्णिमेला विहारात दीक्षा. मी बुद्धपौर्णिमा धरून आईला घेऊन गेले. पोचलो तेव्हा हत्ती घरी परतले होते, अंगावरची खडूची नक्षी पुसत आली होती. मिरवणूक बघायची म्हणून आईने वर्षभर पैसे साठवले होते.

तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवरून ठरवू नका. त्यांच्या पंचांगातला अधिक महिना आपल्याशी जुळेलच असं नाही. २०२३ साली आपली बुद्धपौर्णिमा ५ मेला होती, त्यांची विशाखापूजा, म्हणजे तिथली बुद्धपौर्णिमा, ३ जूनला. जाल त्या वर्षीची तारीख सुरिनमधून विचारून घ्या, मगच तिकीट काढा. आणि तिकीट चतुर्दशीच्या आधी पोचण्याचं.

जमलं तर त्रयोदशीलाच पोचा. आईवडील, नातेवाईक मुलाची एकेक बट कापतात, मग डोकं आणि भुवयासुद्धा भादरतात. तिथून दीक्षेपर्यंत तो 'नाग'. माणसाचं रूप घेऊन संघात आलेल्या नागाची कथा विनयात, म्हणजे भिक्खूंच्या नियमग्रंथात आहे; उपसंपदेत, म्हणजे भिक्खूच्या दीक्षेत, 'मनुस्सोसि?' (तू माणूस आहेस ना?) विचारतात ते त्यामुळेच. हे मनात ठेवून बघा, मिरवणूक वेगळी दिसते.

बँकॉकहून रात्रीची रेल्वे सुरिनला येते. पुढे गाव पन्नास किलोमीटरहून लांब, गाडी येण्याजाण्याची ठरवा. पाणी, टोपी. खांदे झाकणारे कपडे.

हत्तीच्या मागे उभं राहू नका, फ्लॅश बंद ठेवा, माहुताला विचारल्याशिवाय केळंही देऊ नका. ढोल, गर्दी, ऊन, हे सगळं त्या जनावराला सोसायचं असतं. चतुर्दशीला मून आणि ची नद्यांच्या संगमावर जातात, तिथल्या रक्षक देवतेला नमस्कार करतात. पूर्वी दीक्षाच नदीपात्रातल्या वाळूवर व्हायची. ही जागा चुकवू नका. म्हणजेच पुन्हा, चतुर्दशी.

पौर्णिमेला चपला बाहेर, मागे बसा, पाली भाषेतली उत्तरं शांतपणे ऐका. बायकांनी दान थेट भिक्खूंच्या हातात देऊ नये, ते पुढे पसरतात त्या कापडावर ठेवावं. परतीचं तिकीट दुसऱ्या दिवशीचं.