नवा बॅरल घेण्याआधी छर्रे तपासा

दहा मीटर एअर रायफलमध्ये दहाचा ठिपका असतो फक्त 0.5 मिलिमीटरचा. गट फाकायला, म्हणजे कागदावर गोळ्या एकमेकींपासून लांब लागायला लागल्या की मुलं लगेच नवा बॅरल (नळी), नवा ट्रिगर म्हणतात. आईबाबा कर्ज काढायच्या आधी एक करा: शिशाचे छर्रे बदलून बघा.

एकाच कंपनीचे छर्रे 4.49, 4.50, 4.51 मिलिमीटर अशा डोक्याच्या मापात मिळतात. प्रत्येक बॅरलला यातलं एखादंच माप मानवतं आणि ते आधी सांगता येत नाही. प्रत्येक मापाचा एकेक डबा घ्या, रेंजवर कोचसमोर रायफल पक्क्या टेकूवर ठेवा आणि प्रत्येकाच्या दहा-दहा गोळ्या वेगवेगळ्या कागदांवर मारा. मग कागद शेजारी शेजारी धरा. एकावर गोल, नीट कापल्यासारखं एकच भोक दिसेल, दुसऱ्यावर तेच कडेने फाटून पसरलेलं. गोल भोक पाडणाऱ्या डब्याचा लॉट नंबर (कोणत्या खेपेत बनले तो क्रमांक) लिहून ठेवा आणि त्याच लॉटचे डबे एकदम घ्या. माझ्या मते एवढा फायदा दुसऱ्या कुठल्याच खर्चात नाही.

स्टॉकचे, म्हणजे रायफलच्या दस्त्याचे, स्क्रू दर वेळी सारख्याच ताणाने आवळा; त्यासाठी टॉर्क रेंच (ठरावीक ताणाने आवळायचा पाना) घ्याच.

आणि आपल्या मुंबईचा पावसाळा! वरळीच्या रेंजला समुद्र समोरच, हवेत मीठ. शिसं पांढरं पडतं, त्यावर भुकटी धरते. डबे सिलिका जेलच्या पुड्या टाकून हवाबंद ठेवा. छर्रे हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय खाण्याच्या डब्याला हात लावायचा नाही, हे मुलांना बजावून सांगा.