चालत्या गाडीवर पवनचक्की: या चुका टाळा

डिप्लोमाच्या प्रोजेक्टांचा हंगाम आला की टपावर पंखा बसवलेली एक तरी इलेक्ट्रिक गाडी समोर येतेच. दावा ठरलेला: धावता धावता बॅटरी चार्ज होते. पोरं मनापासून राबलेली असतात, म्हणून जास्तच वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक मोजण्यातली. पंख्याने किती दिलं ते मोजतात, त्या पंख्यापायी मोटरने किती जास्त खाल्लं ते मोजत नाहीत. एका प्रदर्शनात अशीच गाडी बक्षिसाच्या वाटेवर होती. टपावर 60 सेंटीमीटर व्यासाचा पंखा, मागे लखलखणारी एलईडीची माळ. मी म्हटलं, "बॅटरीच्या तारेवर वॉटमीटर लावा. रस्ता तोच, वेग तोच, जाताना आणि येताना. एकदा पंखा लावून, एकदा काढून."

"सर, पण वारा तर फुकटच आहे ना?" एकाने विचारलं.

वॉटमीटरने उत्तर दिलं. पंखा लावल्यावर मोटरची मागणी वाढली, आणि ती वाढ पंख्याच्या कमाईपेक्षा जास्त निघाली. हवा जागेवरच असते. तो वारा गाडीनेच, बॅटरी खर्चून, तयार केलेला असतो. ताशी 50 किलोमीटरला एवढ्या पंख्यावर येणाऱ्या वाऱ्यात सुमारे 450 वॉट असतात. कुठलाही पंखा वाऱ्यातली सगळी ताकद काढू शकत नाही. बेट्झची मर्यादा म्हणतात तिला. तिच्यामुळे त्यातले फार तर 59.3 टक्के, म्हणजे सुमारे 270 वॉट हाती येतात. तेवढे काढताना पंख्याचा अडथळा मोटरकडून 400 वॉट वसूल करतो. घरी कापलेल्या पीव्हीसी पात्यांचा हिशोब याहून वाईट.

मग कोणीतरी अमेरिकेतल्या 'ब्लॅकबर्ड' या वाऱ्यावर चालणाऱ्या गाडीचा व्हिडिओ दाखवतं. ती 2010 मध्ये वाऱ्याच्याच दिशेने, वाऱ्याच्या 2.8 पट वेगाने धावली, हे खरं. पण तिथे जमिनीवर खराखुरा वारा वाहत होता. वारा पडला की तीही थांबते. इंजिनं बंद पडल्यावर विमानातून बाहेर येऊन वाऱ्यावर फिरणारा आपत्कालीन पंखाही फुकट चालत नाही. 1983 मध्ये इंधन संपलेलं बोइंग 767 कॅनडातल्या गिमलीला उतरलं, तेव्हा अशाच पंख्याने नियंत्रणापुरती ताकद दिली, पण ती विमानाच्या वेगातून आणि उंचीतून घेऊन. वेग कमी करायचाच असेल, उतारावर किंवा ब्रेक लावताना, तर मोटरच जनरेटर म्हणून वापरा. रेल्वेच्या जुन्या डब्यांतही दिव्यांचा अल्टरनेटर आसाच्या पट्ट्यावर फिरतो, टपावरच्या पंख्यावर नाही.

बाकीच्या चुका लहान, पण नेहमीच्या. मल्टिमीटरवर 14 व्होल्ट दिसले म्हणून नाचू नका. बल्ब जोडा आणि मग पाहा, भार आल्यावर किती उरतात ते. इंजिनाच्या गाडीत रेडिएटरच्या जाळीपुढे पंखा लावू नका, इंजिन तापेल.

गाडी उभी, वारा नाही, तरी पंखा गरगरतोय? डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, लावायचा राहिलाय. डीसी मोटर जनरेटर म्हणून लावली की बॅटरीच तिला मोटर म्हणून फिरवत बसते. असला घाईचा जुगाड मी तपासायलाही घेत नाही. आधी डायोड, मग बाकी.

पात्यांचा तोल साधल्याशिवाय आणि भोवती जाळी लावल्याशिवाय गाडी रस्त्यावर काढू नका. सुटलेलं पातं मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर जातं.

पवनचक्कीची हौसच असेल तर ती मुक्कामाला उभ्या केलेल्या गाडीशेजारी, खांबावर उभारा. तिथे वारा खरोखर फुकट असतो.