दातांच्या तपासणीतून घरशाळेचा धडा कसा करावा

दुधाचे दात २०, मोठ्या माणसाचे ३२. वीस पडले आणि त्यांच्या जागी वीस आले, तर उरलेले १२ कुठून येतात? सहा ते नऊ वर्षांचे मूल घरी शिकत असेल आणि दंतवैद्याकडे जायचे ठरले असेल, तर हा प्रश्न त्याच्यापुढे टाका आणि उत्तर सांगू नका. ते त्याच्याच तोंडात आहे.

हे फक्त नेहमीच्या तपासणीच्या वेळी करायचे. दाढ ठणकत असेल, गाल सुजला असेल किंवा दात काढायचा असेल, तर धडा राहू द्या. त्या दिवशी मुलाला धरायला तुमचा हात हवा असतो.

तीन-चार दिवस आधी

दवाखान्यात फोन करून सकाळची पहिली वेळ मागा आणि दहा मिनिटे जास्त लागतील हे तेव्हाच सांगा. संध्याकाळच्या गर्दीत डॉक्टरांना इच्छा असूनही थांबता येत नाही, आणि दमलेले मूल कुरकुरते. खासगी दवाखाना नको असेल तर दंत महाविद्यालयात जा. मुंबईत सीएसएमटीजवळचे शासकीय दंत महाविद्यालय आणि मुंबई सेंट्रलचे नायर, दोन्हीकडे लहान मुलांच्या दातांचा वेगळा विभाग आहे. तिथे रांग लागते, म्हणून अर्धा दिवस हाताशी ठेवा.

त्याच दिवशी ओट्यावर एक प्रयोग लावा. काचेच्या ग्लासात कच्चे अंडे ठेवून ते बुडेल इतके पांढरे व्हिनेगर ओता. दुसऱ्या ग्लासात अंडे आणि साधे पाणी. व्हिनेगरमध्ये लगेच बुडबुडे दिसतात. २४ तासांनी कवच मऊ पडलेले असते. जाड थर उरला असेल तर व्हिनेगर बदलून आणखी एक दिवस ठेवा. घरात अंडे येत नसेल तर छोटा शिंपला घ्या. त्यावरही बुडबुडे येतात, मात्र तो विरघळायला फार वेळ लागतो. फळ्यावरचा खडू घेऊ नका: बाजारातले बरेचसे खडू जिप्समचे असतात, त्यांतून बुडबुडे निघत नाहीत आणि मूल चुकीचा निष्कर्ष काढते. अंड्याला हात लावल्यावर साबणाने हात धुवायला लावा.

मुलाला एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगा: कवच आणि दाताचे एनॅमल (दातावरचे कडक आवरण) हे एकच द्रव्य नव्हे. कवच कॅल्शियम कार्बोनेटचे, एनॅमलमध्ये मुख्यतः कॅल्शियम फॉस्फेटचे स्फटिक. दोन्ही आम्लात विरघळतात, एवढेच साम्य. तोंडात हे आम्ल साखर खाणारे जिवाणू तयार करतात.

आदल्या दिवशी

आरसा, टॉर्च, कागद आणि पेन्सिल. कागदावर वरच्या व खालच्या जबड्याच्या दोन कमानी काढा आणि मुलाला स्वतःचे दात मोजून त्यात भरू द्या. पुढचे पटाशीचे, मग सुळे, मग दाढा. हलणाऱ्या दाताभोवती गोल, काळ्या डागावर ठिपका. सर्वात मागची दाढ सहसा मोजायची राहते, कारण तिथे उजेड पोचत नाही. चूक दिसली तरी दुरुस्त करू नका. उद्या तीच उपयोगी पडेल.

‘अजिबात दुखणार नाही’ असे वचन देऊ नका आणि ‘नीट बस, नाहीतर सुई टोचतील’ असे तर चुकूनही बोलू नका. डॉक्टर आरशाने दात बघतील, मोजतील, कदाचित घासून साफ करतील, एवढे पुरे.

खुर्चीत

तोंड उघडे असताना प्रश्न विचारता येत नाही. म्हणून तीनच प्रश्न आधी कागदावर लिहून डॉक्टरांच्या हाती द्या. ‘थांबा’साठी डावा हात वर करायचा, हेही ठरवून घ्या.

डॉक्टर मदतनीसाला आकडे सांगतात, ते मुलाला ऐकायला सांगा. दोन आकड्यांच्या पद्धतीत पहिला आकडा तोंडाच्या चार भागांपैकी एकाचा, दुसरा मधोमधपासून मोजलेल्या दाताचा. कायमच्या दातांना १ ते ४, दुधाच्यांना ५ ते ८. सुरुवात रुग्णाच्या उजव्या वरच्या बाजूने. म्हणजे १६ ही वरची उजवी, सहावी, कायमची दाढ. ५५ म्हणजे तिच्या शेजारची दुधाची. वाचताना ‘सोळा’ नव्हे, ‘एक-सहा’. कागदावर डावे-उजवे उलटे दिसते, कारण डॉक्टर समोरून पाहतात.

डॉक्टरांच्या आरशाची एक गंमत आहे. शाळेच्या पुस्तकात तो अंतर्वक्र असतो, पण अनेक दवाखान्यांत सपाट आरसाही वापरतात. छापील अक्षरांजवळ धरून दाखवायला सांगा: अक्षरे मोठी दिसली तर अंतर्वक्र, तेवढीच दिसली तर सपाट. हत्यारांना मुलाने हात लावायचा नाही.

ऑटोक्लेव्ह दाखवतील का, ते विचारा. तो घरच्या कुकरचाच भाऊबंद: दाब वाढला की वाफ १०० अंशांपेक्षा जास्त तापते. १२१ अंश सेल्सियसला साधारण १५ मिनिटांत हत्यारे निर्जंतुक होतात. केवळ धड्यासाठी एक्स-रे मात्र मागू नका. गरज असल्यास डॉक्टरच काढतील.

घरी आल्यावर

मुलाचा नकाशा आणि डॉक्टरांचा तक्ता शेजारी ठेवा. जिथे फरक, तिथे धडा. साधारण सहाव्या वर्षी दुधाच्या दाढांच्या मागे चार नव्या दाढा येतात. त्यांच्यासाठी एकही दात पडत नाही, म्हणून आईवडीलही त्यांना दुधाच्या समजतात. ‘पडणारच आहे’ म्हणून दुर्लक्ष होते, खोल खाचांत अन्न अडकते आणि जन्मभराची दाढ किडते. पुढची चार साधारण बाराव्या वर्षी, नंतर अक्कलदाढा. हेच ते १२. खाचा बुजवणारे सीलंट लावावे का, ते डॉक्टरांना जरूर विचारा.

मग आठवडाभर खाण्याच्या वेळा लिहा. बिस्किटे एका बैठकीत चार खाल्ली की चार वेळा एकेक, याने फार फरक पडतो: प्रत्येक वेळी दातांवर नव्याने आम्लाचा मारा होतो. तीन ते सहा वर्षांपर्यंत फ्लोराइडची पेस्ट वाटाण्याएवढी, त्याहून लहान असेल तर तांदळाच्या दाण्याएवढी. दोन मिनिटे, घड्याळ लावून.

इतिहासाची आवड असलेल्या मुलाला बलुचिस्तानातले मेहरगढ नकाशावर शोधायला लावा. तिथे गारगोटीच्या टोकाने कोरलेले ११ दात सापडले, सुमारे ७५०० ते ९००० वर्षांपूर्वीचे.

नकाशावर तारीख घालून तो वहीत चिकटवा. सहा महिन्यांनी नवा कागद घ्या, आणि जुना न बघता पुन्हा मोजायला लावा.