जीडीएची परीक्षा: लेखी पाठ असतं, हात मात्र अडतात. या चुका टाळा

कळवा, दिघा, घणसोली, कोपरखैरणे या पट्ट्यात जनरल ड्युटी असिस्टंट (हॉस्पिटलच्या वॉर्डात पेशंटची देखभाल करणारा मदतनीस), म्हणजे जीडीएचा कोर्स करणाऱ्या मुली बऱ्याच दिसतात, आता मुलंही. परीक्षा जवळ आली की सगळे प्रश्नोत्तरं घोकत बसतात. पण लेखीबरोबर तोंडी असते, प्रॅक्टिकल असतं, आणि मार्क जातात ते तिथे.

सुरुवातच अनेकांची चुकीच्या अभ्यासाने होते. यूट्यूबवर ‘मेडिकल असिस्टंट एक्झाम’ असं शोधलं की पुढ्यात येतात अमेरिकेतल्या सीएमए, सीसीएमए परीक्षांचे सराव प्रश्न. तिथला मेडिकल असिस्टंट डॉक्टरच्या क्लिनिकमध्ये काम करतो, इन्शुरन्सची कागदपत्रंही बघतो. आपल्या वॉर्डातल्या कामाशी त्याचा निम्माच संबंध. शरीररचना सगळीकडे सारखी, तेवढी तिथून शिका. हॉस्पिटलच्या कचऱ्याच्या पिशव्यांचे रंग मात्र चुकूनही शिकू नका. तिकडे रक्ताने माखलेला कचरा लाल पिशवीत टाकतात. आपल्याकडे २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांप्रमाणे रक्ताळलेला कापूस आणि ड्रेसिंग पिवळ्या पिशवीत जातं. लाल पिशवी प्लास्टिकची: सलाइनच्या नळ्या, कॅथेटर, ग्लोव्हज, सुई काढलेली सिरिंज. सुया आणि ब्लेड पांढऱ्या, भोक न पडणाऱ्या डब्यात. काचेच्या व्हायल, अँप्युल निळ्यात. अँब्युलन्सचा नंबर विचारला तर १०८ सांगा. अमेरिकेतला ९११ सांगणारे खरोखर भेटतात! कोर्स हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा असेल तर सेंटरकडून त्यांचं हँडबुक मागून घ्या आणि तेच धरून चला.

आता बीपी. सगळ्यात जास्त गोंधळ इथेच. वही उघडून पाहिली तर प्रत्येक पेशंटचं बीपी १२०/८०, श्वास १८, नाडी ७२. परीक्षक काही नवखा नसतो. तोच कफ (दंडाला बांधायचा बीपीचा पट्टा) तो पुन्हा बांधून बघू शकतो, आणि मग तुमचा आकडा उघडा पडतो. स्टेथोस्कोपमधून नाडीचा आवाज ऐकू आला नाही तर तसं सरळ सांगा, हवा पूर्ण सोडा, मिनिटभर थांबा आणि पुन्हा घ्या. अर्ध्यावरून परत पंप मारायचा नाही. आवाज येत नसेल तर आधी स्टेथोस्कोपची कानातली टोकं नाकाच्या दिशेला आहेत का बघा, मग कोपराच्या आतल्या बाजूला नाडी बोटांनी शोधून त्यावरच डायफ्रॅम, म्हणजे स्टेथोस्कोपची चकती ठेवा. हवा सोडायची ती सेकंदाला २ ते ३ मिलिमीटर या बेताने. भसकन सोडली की वरचा आकडा हुकतोच.

आकडा विनाकारण जास्त येत असेल तर तीन गोष्टी तपासा: कफ दंडाला लहान पडतोय का, हात हृदयाच्या पातळीच्या खाली लोंबतोय का, पेशंट बोलतोय का. पेशंट म्हणून वर्गमैत्रीणच बसलेली असते, त्यामुळे खुसुखुसू हसणं चालू असतं. तिला आधीच दम भरा. ड्रेसची घट्ट बाही वर सरकवून कफ बांधू नका. ती गुंडाळी दंडाला आवळते आणि आकडा बिघडतो.

श्वास मोजताना ‘आता तुमचा श्वास मोजते’ असं सांगितलं की समोरच्याचा श्वास बदलतोच. नाडी मोजून झाली तरी बोटं मनगटावरच राहू द्या आणि पूर्ण १ मिनिट छातीकडे लक्ष ठेवा.

हात धुण्याच्या पायऱ्या सगळ्यांना येतात, अंगठे मात्र राहतात. साबणाने धुताना ४० ते ६० सेकंद जायला हवेत, १० सेकंदांत उरकू नका. आणि हातात अंगठी, घड्याळ, गंडादोरा, बांगड्या काही नको. नव्याने लग्न झालेल्या मुलीच्या हातातला हिरवा चुडा हा इथला नाजूक विषय. सासूबाईंशी परीक्षेच्या सकाळी वाद घालण्यापेक्षा आठवडाभर आधी शांतपणे बोलून ठेवा. नोकरीतही हेच लागणार आहे, हे त्यांना कळलेलं बरं.

अर्धांगवायूच्या पेशंटला व्हीलचेअरवर बसवायला सांगितलं की बऱ्याच जणी थेट त्याला उचलायलाच धावतात. खुर्ची चांगल्या बाजूला लावायची, ब्रेक लावायचे, पाय ठेवायच्या पट्ट्या दुमडायच्या, मग पेशंटला हात. कपडे घालताना आधी कमजोर हात, काढताना आधी चांगला. तोंडीत हे उलटसुलट करून हमखास विचारतात.

आणि तोंड बंद ठेवून काम करू नका. नाव विचारणं, मनगटावरची नावाची पट्टी बघणं, काय करणार ते सांगणं, पडदा ओढणं हे सगळं तपासलं जातं. ‘काका, मी तुमचं बीपी बघतेय, हात सैल सोडा’ एवढं तरी म्हणा. पेपर कोणत्या भाषेत येणार हे सेंटरला आधीच विचारून ठेवा.

कागदपत्रांत अडकणाऱ्याही असतात. मार्कशीटवर माहेरचं आडनाव, आधारवर सासरचं, आणि नोंदणी भलत्याच नावाने. हे आदल्या दिवशी निस्तरत नाही, प्रवेश घेतानाच एकसारखं करून घ्या. परीक्षा रविवारी असेल तर ठाणे-वाशी ट्रान्स हार्बर लोकलला मेगाब्लॉक आहे का ते शनिवारीच बघा. असेल तर ठाण्याहून वाशीकडे जाणारी बस लवकरची पकडा. ऐरोली, रबाळेच्या सिग्नलांवर किती वेळ जाईल याचा नेम नाही.