वनस्पतींतील दाहशामक रेणूंचे डॉकिंग करताना या चुका टाळा

मराठवाड्यातील अनेक महाविद्यालयांत हळद, निर्गुडी, अडुळसा यांच्यातील रेणू घेऊन कॉक्स-२ या दाह वाढवणाऱ्या एन्झाइम-प्रथिनावर डॉकिंग केले जाते, म्हणजे रेणू प्रथिनात कसा व किती घट्ट बसेल याचा संगणकावर अंदाज घेतला जातो, आणि सर्वांत ऋण स्कोअर (बंधन-ऊर्जेचा अंदाज) मिळालेला रेणू ‘प्रभावी दाहशामक’ म्हणून प्रबंधात नोंदवला जातो. स्कोअर चुकीचा असतो असे नाही. मात्र तो कशाच्या तुलनेत पाहायचा, हेच बहुतेक वेळा ठरलेले नसते.

म्हणून पहिले काम म्हणजे पुनर्डॉकिंग. मानवी कॉक्स-२ ची ५केआयआर या क्रमांकाची स्फटिकरचना रोफेकॉक्सिब या औषधासह प्रथिनांच्या रचनासंग्रहात उपलब्ध आहे. तो रेणू बाहेर काढून पुन्हा डॉक करावा आणि मूळ स्थितीपासूनचे विचलन, म्हणजे आरएमएसडी, २ आंग्स्ट्रॉमच्या आत येते का ते पाहावे. ते जास्त येत असेल, तर नवे रेणू घेण्याआधी ग्रिड बॉक्सची (रेणूची जागा जिथे शोधायची त्या चौकटीची) जागा व आकार, हायड्रोजन आणि प्रभार तपासावेत. फाइल स्वच्छ करताना सगळे हेटॅटम (प्रथिनाच्या साखळीबाहेरच्या अणूंच्या नोंदी) एकदम पुसण्याची सवय फार महागात पडते, कारण पाण्याबरोबर कॉक्स-२ मधील हीम हा लोहयुक्त गटही जातो आणि ५-लायपॉक्सिजिनेज या दाहाशी संबंधित दुसऱ्या एन्झाइमच्या बाबतीत तर क्रियास्थळातील लोहच नाहीसे होते.

याच ५-लायपॉक्सिजिनेजने बॉक्सविषयी एक मोठा धडा दिला आहे. आपल्याकडच्या कोरड्या पानझडी जंगलांत आढळणाऱ्या सालईच्या डिंकातील एकेबीए हे बॉस्वेलिक आम्ल त्याच्या क्रियास्थळात बसत असेल असे गृहीत धरून कोणी बॉक्स तिथेच आखला, तर त्याला सुबक चित्र मिळेल. परंतु २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्फटिकरचनेत हा रेणू क्रियास्थळापासून दूर, प्रथिनाच्या दोन भागांमधील खाचेत बसलेला दिसतो. रेणूची त्रिमितीय फाइल घेताना अवकाशीय मांडणी बरोबर आहे का, आणि शरीराच्या पीएचला त्याचा कार्बॉक्सिल गट ऋणप्रभारित दाखवला आहे का, हेही पाहावे.

यानंतरची चूक मला सर्वांत अधिक खटकते. रुटिनला (म्हणजे शर्करा जोडलेल्या क्वेर्सेटिनला) नुसत्या क्वेर्सेटिनपेक्षा चांगला स्कोअर मिळाला की विद्यार्थी आनंदतो. पण रुटिनचा रेणुभार ६१० असून क्वेर्सेटिनचा ३०२ आहे, आणि अणू वाढले की स्पर्श वाढून स्कोअर बहुधा आपोआप सुधारतो. शिवाय रुटिनमधील शर्करा आतड्यातील जिवाणू तोडतात, म्हणजे डॉक केलेला अखंड रेणू शरीरात तसाच पोहोचेल असे नाही. आकाराचा हा परिणाम ओळखण्यासाठी स्कोअरला जड अणूंच्या (हायड्रोजन सोडून इतर अणूंच्या) संख्येने भागून पाहावे. ऑटोडॉक व्हिना या डॉकिंग प्रणालीच्या २०१० च्या मूळ लेखातच अंदाजाची प्रमाण त्रुटी २.८५ किलोकॅलरी प्रति मोल दिली आहे, तेव्हा −८.९ आणि −८.३ यांतील फरकावर क्रमवारी लावणे टिकत नाही. सेलेकॉक्सिबसारखी कॉक्स-२ रोखणारी ज्ञात औषधे आणि निष्क्रिय रेणू एकत्र मिसळून पद्धत त्यांना वेगळे काढते का, ही कसोटी अधिक विश्वासार्ह ठरते.

शेवटी प्रयोगशाळा. अंड्यातील अल्ब्युमिनच्या विनैसर्गीकरणाची (प्रथिनाची मूळ घडी मोडण्याची) चाचणी स्वस्त असल्याने सर्वत्र केली जाते, परंतु तिच्यावरून कॉक्स-२ वरील डॉकिंगला दुजोरा मिळत नाही. त्यासाठी त्याच एन्झाइमची अवरोधन चाचणी, म्हणजे रेणू त्याचे काम किती रोखतो याची मोजणी हवी. हळदीतील कर्क्युमिन चाचणीसाठी घेणाऱ्यांनी वेळेचे भानही ठेवावे, कारण सीरमविरहित फॉस्फेट बफरमध्ये, पीएच ७.२ आणि ३७ अंश सेल्सिअसला, त्याचा सुमारे ९० टक्के भाग अर्ध्या तासात विघटित होतो.