टॅली ईआरपी ९ सोडून टॅलीप्राइमवर जायचं का, हे ठरवताना

भोसरी, पिंपरी, चाकणच्या बऱ्याच वर्कशॉपमध्ये अजूनही टॅली ईआरपी ९ हे हिशेबाचं सॉफ्टवेअर चालतं. बिलं निघतात, ट्रायल बॅलन्स जुळतो, अकाउंटंटची बोटं कीबोर्डकडे न बघता चालतात. त्याच्या जागी टॅलीप्राइम नोव्हेंबर २०२० मध्ये आलं, तेव्हापासून टॅली विकणारा डीलर 'घेऊन टाका' म्हणतो आणि अकाउंटंट 'चाललंय ते बरं चाललंय' म्हणतो. हिशेब दोघांनीही केलेला नसतो. तो करायला दोन प्रश्न पुरतात: बदलायची सक्ती तुमच्यावर खरंच आहे का, आणि बदललं तर तुमच्याकडे नेमकं काय मोडेल?

सक्ती कुणावर आहे

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर चर्चा इथेच संपते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक नोंदीतल्या बदलाचा माग राहायला हवा आणि तो बंद करता येता कामा नये, असा नियम आहे. ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. टॅलीप्राइमची 'एडिट लॉग' ही आवृत्ती यासाठीच आहे. साध्या प्राइममध्ये माग ठेवणं ऐच्छिक असतं, म्हणून डाउनलोड करताना योग्य आवृत्ती निवडा. प्रोप्रायटर आणि भागीदारी फर्मना हा नियम लागू नाही. डीलर तो सरसकट सगळ्यांना ऐकवतो, तेवढं सोडून द्या.

दुसरी सक्ती ई-इन्व्हॉइसची. २०१७-१८ पासून कुठल्याही एका वर्षी उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर १ ऑगस्ट २०२३ पासून बी-टू-बी, म्हणजे दुसऱ्या व्यावसायिकाला दिलेल्या, बिलाला आयआरएन, म्हणजे सरकारी पोर्टलवरून मिळणारा क्रमांक, लागतो. १० कोटी आणि त्यावरच्यांसाठी १ एप्रिल २०२५ पासून बिलाच्या तारखेपासून ३० दिवसांची मुदतही आहे. ती उलटली की पोर्टल बिल घेतच नाही. आयआरएन थेट टॅलीतून काढायचा तर टीएसएस, म्हणजे वार्षिक सबस्क्रिप्शन, चालू हवं. आणि टीएसएस चालू असेल तर प्राइमसाठी वेगळे पैसे पडत नाहीत. म्हणजे खर्चाचा प्रश्न फक्त टीएसएस थकलेल्यांना आहे.

तिसरी गोष्ट सक्तीची नाही, पण दर महिन्याला टोचते. मे २०२५ च्या रिटर्नपासून जीएसटीआर-१ या विक्रीच्या रिटर्नमधला एचएसएनचा (मालाच्या वर्गीकरण कोडचा) तक्ता बी-टू-बी आणि बी-टू-सी (थेट ग्राहकाला) असा दोन भागांत भरावा लागतो. ईआरपी ९ त्याच्या कितीतरी आधीचं. त्यात एचएसएनची बेरीज एकत्रच येते आणि कुणाला तरी एक्सेलमध्ये बसून ती फोडावी लागते. महिन्याला चाळीस बिलं असतील तर ते तासाभराचं काम. चारशे असतील तर नकोसं.

उलट, २२ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे दर बदलले म्हणून सॉफ्टवेअर बदलायची गरज नव्हती. स्टॉक आयटम किंवा स्टॉक ग्रुपमध्ये नवा दर आणि तो लागू होण्याची तारीख टाकली की जुनी बिलं जुन्या दराने राहतात. हे ईआरपी ९ ला व्यवस्थित जमतं.

कॉम्प्युटरही बघा. प्राइम फक्त ६४ बिट विंडोजवर चालतं. कोपऱ्यातल्या जुन्या मशीनवर ३२ बिट विंडोज ७ असेल तर आधी मशीन बदलावं लागेल. विंडोज १० चा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे नवं मशीन घेणार असाल तर दोन्ही कामं एकाच खर्चात बसवा. एकाच दिवशी मात्र करू नका. काही बिघडलं तर दोष कशाचा, हे कळणार नाही.

खरी अडचण टीडीएलमध्ये असते

बिलावर चलन नंबर, गाडी नंबर, पीओची (खरेदी ऑर्डरची) तारीख, जॉबवर्कचा वेगळा कॉलम हे सगळं बहुतेक ठिकाणी कुणीतरी टीडीएल, म्हणजे टॅलीत बदल करणारा वेगळा कोड, लिहून बसवलेलं असतं. टॅलीच्या इन्स्टॉल फोल्डरमधली टॅली डॉट आयएनआय ही फाइल नोटपॅडमध्ये उघडा. 'युजर टीडीएल' समोर 'येस' असेल तर जवळच 'टीडीएल=' ने सुरू होणाऱ्या ओळी दिसतील. प्रत्येक ओळ म्हणजे एक फाइल. त्यांची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा: ती काय करते, कुणी लिहिली, तो माणूस आज फोन उचलतो का.

फाइलच्या नावाचा शेवट टीसीपी असेल तर ती कंपाइल केलेली आहे. ती वाचता येत नाही, दुरुस्तही करता येत नाही. मूळ कोड लिहिणाऱ्याकडेच असतो. प्राइममध्ये स्क्रीन नव्याने बांधलेत. त्यामुळे ईआरपी ९ च्या स्क्रीनला चिकटवलेला जुना कोड कधी एरर देतो, कधी गुपचूप चुकीच्या जागी छापतो. दुसरा प्रकार जास्त वाईट. चुकीच्या चौकटीत पीओ नंबर आलेलं बिल चाकणच्या ग्राहक कंपनीच्या गेटवरून परत येतं आणि तोवर गाडीचं भाडं झालेलं असतं.

लिहिणारा सापडत नसेल तर आधी नवा टीडीएल करून घ्या, मूळ कोड आपल्या ताब्यात ठेवा आणि मगच पुढची तारीख ठरवा. सक्ती नसेल आणि असे पाच-सहा टीडीएल असतील, तर वर्षभर थांबणं शहाणपणाचं आहे. डीलर काहीही म्हणो.

लायसन्सचा अॅडमिन ईमेलही याच वेळी तपासा. बऱ्याचदा तो सोडून गेलेल्या अकाउंटंटचा किंवा डीलरचाच निघतो. तो आपल्या नावावर येईपर्यंत बाकी काही करू नका.

कॉपीवर चाचणी

प्राइमच्या रिलीज ३.० पासून डेटा नव्या रचनेत मायग्रेट होतो, आणि एकदा झाला की ईआरपी ९ मध्ये तो उघडत नाही. म्हणून चाचणीत मूळ डेटा प्राइममध्ये उघडायचा नाही. सगळ्या मशीनवर टॅली बंद करा आणि पूर्ण डेटा फोल्डर दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा. टॅलीचा स्वतःचा बॅकअप पुरत नाही. त्यात टीडीएल आणि आयएनआय फाइल येत नाहीत, त्या वेगळ्या उचला.

प्राइम वेगळ्या फोल्डरमध्ये टाका, त्याला कॉपीचा पाथ द्या आणि मायग्रेशन होऊ द्या. मग दोन्हीकडून हे प्रिंट काढून शेजारी ठेवा: ३१ मार्चचा ट्रायल बॅलन्स, स्टॉक समरी, बिलवाइज येणी-देणी आणि रिटर्न भरून झालेल्या दोन महिन्यांचा जीएसटीआर-३बी (कराच्या गोषवाऱ्याचं रिटर्न). ट्रायल बॅलन्स बहुधा पैशापर्यंत जुळतो आणि लोक तिथेच निर्धास्त होतात. फरक जीएसटीत निघतो. नवी आवृत्ती नोंदी कडक तपासते. पार्टीचा रजिस्ट्रेशन प्रकार, प्लेस ऑफ सप्लाय किंवा एचएसएन अर्धवट असेल तर ते व्हाउचर 'अनसर्टन' यादीत टाकते. यादी लांबलचक निघाली तर घाबरू नका. बरेचदा दहा-बारा पार्टी लेजर नीट केले की ती झपाट्याने आखडते. हे काम आधी ईआरपी ९ च्या मूळ डेटात करा, म्हणजे खऱ्या दिवशी ते परत करावं लागणार नाही.

चाचणीत बिलांचे सगळे नमुने छापा: राज्यातलं, परराज्यातलं, क्रेडिट नोट, जॉबवर्क चलन, राउंड-ऑफ असलेलं. पण ई-इन्व्हॉइस आणि ई-वे बिल कॉपीत आधी बंद करा. चाचणीचं बिल चुकून पोर्टलवर गेलं तर आयआरएन खराच निघतो. २४ तासांत तो रद्द करता येतो, मात्र तो बिल नंबर त्या वर्षात पुन्हा वापरता येत नाही.

महिनाभर दोन्हीकडे एंट्री करण्याचा सल्ला हमखास मिळतो. तो ऐकू नका. तिसऱ्या दिवशी एकीकडची एंट्री राहते आणि फरक शोधण्यातच वेळ जातो. मागच्या दोन दिवसांची व्हाउचर कॉपीत परत टाकून बघितली तरी पुरे.

अकाउंटंटला तेवढ्यातच नव्या कीज कळतात. एफ ५ ते एफ ९ जुन्याच आहेत. क्रेडिट नोट मात्र कंट्रोल एफ ८ वरून ऑल्ट एफ ६ वर आणि डेबिट नोट कंट्रोल एफ ९ वरून ऑल्ट एफ ५ वर गेलीय. व्हाउचरचा मोड कंट्रोल एच ने बदलतो. एवढं कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवा, अर्धी कुरकुर थांबते.

दिवस कुठला

११ तारखेला जीएसटीआर-१, २० ला ३बी, आणि महिनाअखेरीला डिस्पॅचची धांदल. उरतात २१ ते २५. भोसरी-पिंपरीत त्यातला गुरुवार सोयीचा, कारण साप्ताहिक सुट्टी असते. पण वीजही देखभालीसाठी नेमकी गुरुवारीच जाते, तेव्हा यूपीएस किती वेळ टिकतो ते आदल्या दिवशी बघा. मायग्रेशनच्या मध्यात मशीन बंद पडलं तर डेटा खराब होऊ शकतो. १ एप्रिलचा मुहूर्त लोकांना आवडतो, तो टाळा. मार्चच्या नोंदी तेव्हा अजून यायच्या असतात आणि बिलांची नवी मालिकाही त्याच दिवशी सुरू होते.

गोल्ड, म्हणजे अनेक मशीनवर चालणारं, लायसन्स असेल तर सगळी मशीन एकाच दिवशी बदला. स्टोअरमधलं एक मशीन ईआरपी ९ वर राहिलं, तर त्यावर टॅलीतली कंपनीच उघडता येणार नाही आणि माल आत घ्यायचा थांबेल.

परतीची वेळही आधीच ठरवा: दुपारी चारपर्यंत एक खरं बिल आयआरएनसह नीट छापलं गेलं नाही, तर जुन्या डेटावर परत. त्या दिवशी प्राइममध्ये केलेल्या एंट्री परत हाताने टाकाव्या लागतील, म्हणून त्यांचे प्रिंट फाइलला लावत जा.

सगळं जमलं तरी ईआरपी ९ आणि जुना डेटा एका मशीनवर तसाच राहू द्या. जीएसटीची कागदपत्रं वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळावी लागतात. जुन्या वर्षाची नोटीस आली तर त्या वेळच्याच नमुन्यातलं बिल काढून देता येतं.