भाजीच्या सालींचं फुलपाखरू

आमची बाल्कनी सहा फूट बाय चार फुटांची. पुण्यात कोथरूडला तिसरा मजला, तोंड पूर्वेला, त्यामुळे ऊन सकाळी साडेअकरापर्यंतच. घरात माणसं तीन. गेली सात वर्षं आमच्या घरचा ओला कचरा घंटागाडीत गेलेला नाही. आणि दर पावसाळ्यात त्याच बाल्कनीतून निदान पाच-सहा फुलपाखरं उडून जातात. या दोन गोष्टी मी वेगळ्या धरत नाही. सालींचं खत होतं, खतावर कढीपत्ता वाढतो आणि कढीपत्त्यावर फुलपाखरू अंडी घालतं. म्हणून "निसर्गासाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू?" असं कुणी विचारलं की मी सांगते, आधी एक बादली आणा आणि एक कुंडी.

बादली नवी नको. इमारतीत कुठे ना कुठे रंगकाम चालू असतंच, तिथून वीस लिटरची रिकामी बादली मागून घ्या. दोन बादल्या मिळाल्या तर उत्तम. खिळा गॅसवर तापवून (सांडशीत धरून, अर्थात) तळाला आठ-दहा आणि बाजूंना चार बोटांच्या अंतरावर भोकं पाडा. बादली दोन विटांवर ठेवा, खाली जुनी थाळी. तळाशी नारळाच्या शेंड्या पसरा, म्हणजे भोकं बुजत नाहीत आणि हवा खेळती राहते. त्यावर वीतभर कोरडा पाला.

या कोरड्या पाल्यातच सगळं आहे. पहिल्या वर्षी मला ते कळलं नव्हतं. मी भाजीची देठं, शिळा भात, आंब्याच्या कोयी, सगळं नुसतं टाकत गेले. मे महिना होता. दहाव्या दिवशी बादलीखालून काळं पाणी झिरपलं आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या वाळत घातलेल्या चादरीवर ओघळलं. काकू वर आल्या. त्या रागावल्या होत्या आणि त्यांचा राग रास्तच होता. मी चादर धुऊन दिली. तेव्हा आमच्या सासूबाई होत्या. त्या वाईकडच्या, शेतकरी घरातल्या. त्यांनी बादलीत डोकावून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, उकिरड्याला गोठ्यातलं कोरडं चिपाड-चघळ लागतं. नुसतं ओलं कुजतं, त्याचं खत होत नाही." त्यांच्या माहेरी दिवाळीत उकिरड्यावरही पणती ठेवायचे. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, आमचे त्याच आठवड्यात फिटले. जुनी वर्तमानपत्रं फाडून आणि पोतंभर पाला मिसळून हातानं सगळं वर-खाली केलं, तर चौथ्या दिवशी वास गेला.

तेव्हापासूनचं माप असं: ओलं एक वाटी टाकलं की कोरडं दोन वाट्या. साली जितक्या बारीक चिराल तितकं काम लवकर. चहाचा चोथा साखर धुऊन टाका. अंड्याची टरफलं हातानं चुरून. देवाचं निर्माल्य पण टाकायचं, फक्त हारातला दोरा आणि जरीचे गोंडे काढून घ्यायचे. तेलकट भाजी, दूध, मासळी आणि हाडं टाकू नका, बाल्कनीच्या बादलीला ती झेपत नाहीत. लिंबाच्या साली थोड्याच.

आठवड्यातून दोनदा काठीनं ढवळा. मग मूठभर घेऊन दाबून बघा. बोटांतून पाणी निथळलं तर पाला वाढवा. मूठ उघडल्यावर भुगा सुटून पडला तर पाण्याचा हबका मारा. पिळून घेतलेल्या फडक्याइतका ओलावा नेमका. सुरुवातीला वाटीभर आंबट ताक शिंपडलं की जिवाणूंना चालना मिळते. दुसऱ्या खेपेपासून ताकही लागत नाही. तयार खतातला जाडाभरडा भाग मूठ-दोन मूठ नव्या बादलीत टाकायचा, दह्याला विरजण लावतो तसा.

बादलीत करड्या, चपट्या, जाडसर अळ्या दिसल्या तर घाबरू नका. त्या ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात. सालींचा फडशा त्या आपल्यापेक्षा झपाट्यानं पाडतात आणि त्यांची मोठी झालेली माशी आपल्या ताटावर येऊन बसत नाही. पण अळ्या फारच वाढल्या तर समजा की ओलं जास्त झालंय.

आमच्याकडे एक बादली भरायला दीड महिना लागतो. भरली की ती झाकून बाजूला ठेवायची (झाकण घट्ट नको, सुती कापड बांधा) आणि दुसरी सुरू करायची. आणखी दीड-दोन महिन्यांनी पहिली उघडली की माल बसून पाव हिस्सा झालेला असतो. काळा, भुसभुशीत, आणि पहिल्या सरीनंतर मातीला येतो तो वास. हा वास आला की खत तयार, दुसरी परीक्षा लागत नाही.

पाला कुठून आणायचा? पुण्यात फेब्रुवारी ते एप्रिल झाडं पानं गाळतात आणि सकाळी सकाळी ठिकठिकाणी त्या ढिगांना काडी लावलेली दिसते. हे बघून माझ्या पोटात तुटतं. डोळे चुरचुरतात, छातीत धूर जातो आणि सोन्यासारखा पाला राख होतो. आमच्या सोसायटीत झाडलोट करणाऱ्या मावशींना मी सांगून ठेवलंय, जाळू नका, पोती मी देते. गुलमोहराचा बारीक पाला सगळ्यात चांगला. आंब्याची, फणसाची पानं चामड्यासारखी, ती पोत्यात घालून पायानं तुडवून घ्या. दोन-तीन पोती जिन्याखाली कोरड्या जागी साठवा, कारण जुलैत बादलीला पाला सर्वात जास्त लागतो आणि तेव्हा सगळं ओलंचिंब असतं.

आता कुंडी. बारा इंची मातीची, तळाला भोक. रोप विकत आणू नका. ज्यांच्या अंगणात कढीपत्ता आहे त्यांच्याकडे बुंध्याभोवती फुटवे आलेले असतात, त्यातला एक मुळासकट मागा. निम्मी माती, निम्मं आपलं खत. तांदूळ धुतलेलं पाणी घाला, महिन्यातून एकदा पातळ ताक. पानं ओरबाडू नका. काडी शेंड्याकडून कात्रीनं कापा म्हणजे खालून दोन फुटतात. थंडीत कढीपत्ता रुसतो, पानं पिवळी पडतात. तेव्हा पाणी कमी करा, फेब्रुवारीत पुन्हा फुटेल.

आणि फवारणी करायची नाही. कसलीच नाही, गोमूत्र-तंबाखूचीही नाही.

पाऊस सुरू झाला की एखाद्या सकाळी एक फुलपाखरू कुंडीभोवती घिरट्या घालताना दिसेल. फुलावर बसतात तसं ते निवांत बसत नाही, कोवळ्या पानाला पोट टेकवतं न टेकवतं तोच उडतं. ते गेलं की पान उलटून बघा. राजगिऱ्याच्या दाण्याएवढं, फिकट पिवळं, गोल अंडं. आमच्याकडे येणारी दोन: लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉर्मन. आपलं राज्य फुलपाखरू नीलवंत, ज्याला 2015 साली तो मान मिळाला, त्याच्याच गोतातली ही.

तीन-चार दिवसांनी पानावर पक्ष्याची शिट पडलीय असं वाटतं, काळपट आणि मध्ये पांढरी. पुसायला जाऊ नका, तीच अळी. शिट म्हणून पक्षी तिला सोडून देतात. कात टाकत टाकत पुढे ती गर्द हिरवी होते, देठाशी चिकटून राहिली की शोधावी लागते. बोटानं हळूच स्पर्श केला तर डोक्यामागून तांबूस रंगाचं दुबेळकं शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. माझ्या मुलीनं हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सातवीत होती, आणि शाळेची रिक्षा खाली उभी होती. रिक्षावाल्या काकांनाही वर बोलावून दाखवलं.

शेवटच्या चार दिवसांत अळी पानं नुसती ओरपते. दोन अळ्या असल्या तर लहान कुंडीत काड्याच उरतात. जमल्यास कढीपत्त्याच्या दोन कुंड्या करा, एक फोडणीची, एक त्यांची. पोहे करायला पानं तोडताना त्यांच्या कुंडीला हात लावायचा नाही असा आमच्याकडे नियम आहे. मग एके दिवशी अळी गायब होते. शोधा. ग्रिलच्या गजाला, कुंडीच्या काठाखाली, एकदा तर कपड्यांच्या चिमट्यांच्या टोपलीवर सापडली. कमरेला रेशमाचा एकच धागा बांधून कोष तिरका टेकलेला असतो. तो जागचा हलवू नका.

या दिवसांत पाण्याकडेही लक्ष द्या. फिल्टरमधून वाया जाणारं पाणी आम्ही वेगळ्या बादलीत धरतो, लादी त्यावरच पुसली जाते. ग्रिलवर पाण्याचं मातीचं परळ ठेवा, पण रोज ओतून शेंडीनं घासा, नाहीतर डासांची पैदास. धान्य मी ठेवत नाही, त्यानं फक्त कबुतरं वाढतात. पाण्यावर बुलबुल येतो, शिंजीर येतो.

सुक्या कचऱ्याचं थोडक्यात सांगते. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण कापू नका, लटकता ठेवा. तो इवलासा तुकडा कुणाच्याच हाती लागत नाही आणि नाल्यात जातो. पिशवी विसळून वाळवून द्या. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. पुण्यात कचरा वेचणाऱ्या बायांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत 1993 पासून आहे, दारोदार कचरा गोळा करणारी 'स्वच्छ' ही संस्था त्यातूनच उभी राहिली. तो कचरा त्या हातानं निवडतात. एवढा एक ठिपका काढायला काय लागतं? आणि शहराचा न निवडलेला कचरा वर्षानुवर्षं पुण्याजवळच्या उरुळी-फुरसुंगीच्या लोकांच्या दारात पडला, त्यांच्या विहिरींचं पाणी नासलं. त्या बाजूला एकदा जाऊन आलात तर साली घंटागाडीत टाकायला हात धजावणार नाही.

कोष साधारण आठ-दहा दिवसांनी गडद होतो, आतले पंख पारदर्शक सालीतून दिसू लागतात. त्या दिवशी घरातून लवकर निघू नका. बहुतेक वेळा सकाळीच कोष फुटतो. फुलपाखरू बाहेर येतं तेव्हा पंख चुरगाळलेल्या ओल्या रुमालासारखे. ते उलटं लटकून राहतं, पंख हळूहळू ताणत. हात लावू नका, फोटोसाठी फांदी हलवू नका. तासाभरात पंख वाळतात.

ते उडालं की उरलेल्या काड्या पेराच्या वर कापा, बुंध्याशी दोन मुठी खत पसरा, पाणी द्या. दोन-तीन आठवड्यांत नवी पालवी येते. तोवर आमटीच्या फोडणीला कढीपत्ता मी खालच्या काकूंकडून आणते. त्यांचं रोप आमच्याच कुंडीच्या फुटव्याचं आहे, आणि आता त्यांच्या बाल्कनीतही दोन विटांवर एक रंगाची बादली आहे.